चार चाकांचं घोडं

या वेळी पत्रांच्या गठ्ठ्यातून एक पत्र मी मुद्दाम बाजूला काढून ठेवलं होतं. ठाण्याच्या एका भगिनीचं आहे. सुट्टीत ही मंडळी कोकणात गेली होती. किनाऱ्यावर ती फुगीर चाकांची गाडी भाड्याने मिळते ना, चार चाकं आणि वर स्कूटरसारखं हँडल, ‘एटीव्ही’ म्हणतात ती, तिच्यावर यजमानांनी नऊ वर्षांच्या मुलाला पुढ्यात बसवून एक चक्कर मारली. दुसऱ्या चकरेला मुलाने हट्ट धरला, “आता मी एकटा चालवणार!” गाडीवाला म्हणाला, “चालवू द्या की, काही होत नाही.” यजमानही तयार झाले. बाई मात्र आडव्या आल्या. मग काय, दीर हसले, जाऊबाई म्हणाल्या, “तू त्याला पदराखालीच ठेव!” आणि घरी पोचेपर्यंत मुलगा आईशी एक शब्द बोलला नाही. पत्राच्या शेवटी बाईंनी विचारलंय, “ताई, मी खरंच भित्री आहे का?”

याचं उत्तर मी एका ओळीत देऊ शकले असते. पण गेल्या उन्हाळ्यात हाच तमाशा मी माझ्या लेकीच्या घरी, चार महिने, रोज जेवणाच्या टेबलावर पाहिला आहे. म्हणून आधी ती हकीकत सांगते.

माझी लेक अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण भागात मुलांची डॉक्टर आहे. जावई तिथल्याच एका कॉलेजात शिकवतात. नातू तेरा वर्षांचा. हा सगळा भाग डोंगराचा आणि कोळशाच्या खाणींचा. आपल्या सह्याद्रीसारखे कातळकडे नाहीत. हे डोंगर गोलसर, गर्द झाडीचे, एकमेकांना चिकटून बसलेले. दोन डोंगरांमधल्या अरुंद घळीत एकामागे एक घरं. अशा घळीला तिथली माणसं ‘हॉलर’ म्हणतात. मोबाईल एका वळणावर लागतो, दुसऱ्यावर गप्प.

पहिल्याच आठवड्यात नातू म्हणाला, “आजी, बाबा फोर-व्हीलर घेणार होते, आईने घेऊ दिली नाही.” मी म्हटलं, अगं बाई, दारात दोन मोटारी उभ्या आहेत, तिसरी कशाला? आपल्याकडे फोर-व्हीलर म्हणजे मोटारच की. तिथे फोर-व्हीलर म्हणजे हे चार चाकांचं घोडं. घोडंच म्हणायचं, कारण त्याच्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसायचं असतं.

या घोड्याचं माहेर जपानचं आणि सासर अमेरिकेचं. १९७० साली होंडा कंपनीने पहिली अशी गाडी अमेरिकेच्या बाजारात आणली. थंडीत मोटारसायकली विकल्या जात नसत, तेव्हा बर्फात-चिखलात चालेल असं काहीतरी दुकानदारांना हवं होतं. तिला चाकं तीनच होती. १९७१ च्या जेम्स बाँडच्या सिनेमातही ती दिसली आणि पोरासोरांना वेड लागलं. पण तीन चाकी गाडी वळणावर कलंडायची. अपघात फार होऊ लागले. शेवटी १९८८ साली गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी अमेरिकन सरकारशी करार करून नवी तीन चाकी विकणं बंद केलं. चार चाकी तोवर आलीच होती, तीच पुढे राहिली.

आता लेक जिथे राहते तिथेच हे वेड इतकं का? त्याचीही एक गोष्ट आहे. टग फोर्क नावाची नदी आहे. अलीकडे वेस्ट व्हर्जिनिया, पलीकडे केंटकी. एकोणिसाव्या शतकात नदीच्या दोन तीरांवरच्या हॅटफील्ड आणि मॅकॉय या दोन घराण्यांत हाडवैर होतं. एका डुकराच्या मालकीवरून १८७८ साली भांडण कोर्टात गेलं आणि पुढे दहा-बारा वर्षं मुडदे पडत राहिले. आपल्याकडे बांधावरून भावकी पेटते, त्यातलाच प्रकार. पुढे कोळसा आला, खाणी आल्या, गावं भरली. मग यंत्रं आली, खाणी बंद पडत गेल्या, आणि तरुण माणसं गावं सोडून जाऊ लागली. डोंगर मात्र होते तिथेच होते, आणि त्यांत कोळशाच्या नि लाकडाच्या जुन्या वाटाही होत्या. १९९६ साली राज्याच्या विधिमंडळाने एक मंडळ नेमलं. त्याने जमीनमालक कंपन्यांकडून परवानगी घेऊन या वाटा जोडल्या, आणि ऑक्टोबर २००० मध्ये त्या लोकांसाठी खुल्या केल्या. नाव दिलं त्याच दोन भांडखोर घराण्यांचं : हॅटफील्ड-मॅकॉय ट्रेल्स. आज या वाटा एक हजार मैलांच्या, म्हणजे सोळाशे किलोमीटरच्या वर आहेत. हिरवी खूण म्हणजे सोपी वाट, निळी म्हणजे अवघड, काळी म्हणजे त्याहून अवघड. माणशी परवाना काढावा लागतो, शिरस्त्राण सक्तीचं, दारू बंद. मेटवानसारख्या गावांत तर माणसं ही गाडी घेऊन खाणावळीपर्यंत येतात. ज्या गावाचा कोळसा गेला, त्याला या चिखलाने चार घास मिळवून दिले.

तर जावयांना या वाटांची गोडी लागली. गावात एक क्लब आहे. शनिवारी सगळे मिळून जातात. जावई एका मित्राची गाडी घेऊन जात. नातवाला वाटे, आपण का नाही? शेजारचा मुलगा त्याच्याच वर्गातला, त्याला लहान आकाराची गाडी वडिलांनी घेऊन दिलेली. जावई म्हणत, “आई, मुलांसाठी वेगळ्या, कमी ताकदीच्या गाड्या मिळतात. शिकवणारे वर्ग आहेत. मी बरोबर राहीन.” लेक म्हणे, “आमची बालरोगतज्ज्ञांची संस्था सांगते, सोळा वर्षांखाली नको म्हणजे नको. विषय संपला.” विषय काही संपत नसे. वरणभात थंड होई.

मी आपली जावयांच्या बाजूची. म्हटलं, अगं, पोरगा हाडापेराने मोठा झालाय, किती बांधून ठेवशील? तेव्हा लेक फारशी बोलली नाही. रात्री भांडी आवरताना हळूच म्हणाली, “आई, सायकलवरून पडलं तर मूल पडतं. ही गाडी उलटली तर मुलाच्या अंगावर पडते. मोठ्यांची गाडी तीनशे किलोची असते. मुलांचीही शंभरच्या पुढे. हॉस्पिटलात ती मुलं आणतात, तेव्हा समोर मी असते.” हातातलं भांडं तिने दोनदा पुसलं. मी गप्पच झाले.

एका शनिवारी मी ठरवलं, आपण स्वतः जाऊन बघू या. क्लबमध्ये एकांकडे शेजारी-शेजारी बसायची गाडी होती. तिला ‘साइड-बाय-साइड’ म्हणतात. तिला मोटारीसारखं स्टिअरिंग, पट्टे आणि डोक्यावर लोखंडी सांगाडा असतो. तिच्यातून मला न्यायचं ठरलं. शिरस्त्राण घालायला गेले तर ते अंबाड्यावर बसेना! अंबाडा सोडला, खाली मानेवर वेणी घातली. क्लबचे अध्यक्ष म्हणजे सत्तरीचे, खाणीतून निवृत्त झालेले आजोबा. त्यांनी माझी ओढणी बघितली आणि काही न बोलता हात पुढे केला. मी ती काढून दिली. त्यांनी नीट घडी करून मोटारीत ठेवली. ओढणी चाकात जायला एक क्षण पुरतो, हे त्यांना ठाऊक होतं.

मला वाटलं होतं, आता धूळ उडवत, आरडाओरडा करत निघतील. छे! अर्धा तास कोणी चालूच केली नाही. चाकांतली हवा बघ, ब्रेक बघ, दिवे बघ, तेल बघ, साखळी बघ. या चाकांत हवा अगदी कमी असते, मोटारीच्या चाकाच्या साधारण पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकी. म्हणून ती मऊ मातीवर पसरून धरतात. आणि म्हणूनच डांबरी रस्त्यावर ती भरवशाची नाहीत. गाडीची गती उजव्या अंगठ्याने वाढते, पायाने नव्हे. चढावर अंग पुढे झुकवायचं, उतारावर मागे, वळणावर आतल्या बाजूला. म्हणजे गाडी निम्मी हँडलने चालते आणि निम्मी अंगाने. मग एकट्याच्या गाडीवर दुसऱ्याला पुढ्यात बसवलं, तर चालवणाऱ्याने अंग हलवायचं कसं? तो नियम असा का, हे मला तिथे कळलं.

निघाल्यावरही शिस्त. सगळ्यांत पुढे वाट जाणणारा, सगळ्यांत मागे अनुभवी. समोरून दुसरा घोळका आला की बोटं दाखवायची. आपल्यामागे तीन आहेत तर तीन बोटं. शेवटचा माणूस मूठ दाखवतो, म्हणजे संपले. प्रत्येक फाट्यावर पुढचा थांबतो आणि मागचा दिसल्याशिवाय हलत नाही. पंढरीच्या वाटेवर दिंडीतला माणूस मागे राहू देत नाहीत, तसंच.

घरी आल्यावर मी नातवाला म्हटलं, “तुला गाडी चालवायचीय की त्या मंडळींत जायचंय?” तो म्हणाला, “दोन्ही.” खरं बोलला. मी म्हटलं, “मग त्यातलं एक आज मिळण्यासारखं आहे.”

पुढच्या शनिवारी क्लबचं वाटेवरचं काम होतं. पावसाने वाट खचते. पाणी चाकोरीतूनच उताराला लागतं आणि महिन्याभरात चाकोरीची घळ होते. म्हणून वाटेवर आडवे उंचवटे घालायचे, कडेचे चर मोकळे करायचे, मोऱ्यांच्या तोंडचा पाला काढायचा. माझे सासरे शेताच्या बांधाबद्दल म्हणत, पाण्याला वाट करून दिली नाही तर पाणी वाट घेऊन जातं. तेच मी नातवाला सांगितलं. अध्यक्ष आजोबांनी त्याच्या हातात फावडं दिलं. लेकीने काही हरकत घेतली नाही; फावडं कुणाच्या अंगावर उलटत नाही! संध्याकाळी पोरगा नखशिखांत काळा होऊन आला आणि दोन तास नुसता बोलत होता. तीन महिन्यांत तो इतकं बोलला नव्हता.

मग ऑगस्टमध्ये ‘पोकर रन’ आली. नाव ऐकून माझ्या पोटात गोळा. म्हटलं, आता लेकराला जुगार शिकवणार! पण तसं नव्हतं. वाटेवर पाच ठाणी असतात. प्रत्येक ठाण्यावर गाडीवाल्याने पत्त्यांतलं एक पान उचलायचं. शेवटी ज्याचे पाच पत्ते सरस, त्याला बक्षीस. शर्यत नाही, घाई नाही. नाव नोंदवण्याचे पैसे गावातल्या गरजूंना धान्य देणाऱ्या संस्थेला. तिसरं ठाणं नातवाकडे आणि माझ्याकडे होतं. तो पान द्यायचा आणि वहीत क्रमांक लिहायचा. मी दशमी आणि लिंबाचं लोणचं वाटायची. त्या लोणच्याने दोघातिघांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी मागून घेतलं!

दुपारी नातू वहीत बघून म्हणाला, “आजी, सतरा नंबर आला नाही.” मी म्हटलं, पुढे गेला असेल. तो म्हणाला, “नाही. सोळा आला, अठरा आला. सतरा नाही.” त्याने ठाण्यावरच्या रेडिओवरून कळवलं. मागचे दोघे परत फिरले. एका वळणाच्या खाली, झाडीत, गाडी उलटून पडलेली सापडली. चालवणारी चाळिशीची बाई, दहा वर्षांची सवय असलेली. खांद्याचं हाड मोडलं होतं, पाय गाडीखाली अडकला होता. फोन तिथे लागत नव्हता. तिला आमच्या ठाण्यापर्यंत आणलं, तिथून रुग्णवाहिकेने नेलं. तिचं शिरस्त्राण आमच्या टेबलावरच राहिलं. त्याला कपाळाच्या जागी बोटभर लांबीची चीर गेली होती. नातू बराच वेळ त्या चिरेवरून बोट फिरवत बसला होता.

त्या रात्री त्याने आईला विचारलं, “तुझ्याकडे असे येतात ते लहान असतात का?” लेकीने पहिल्यांदा त्याला आपल्या कामाबद्दल सांगितलं. सगळं नाही, पण पुष्कळ. आजवर ती नुसतं ‘नाही’ म्हणत आली होती. ‘का नाही’ हे तिने एकटीनेच पोटात ठेवलं होतं.

मैत्रिणींनो, त्यानंतर सगळं गोड झालं असं सांगणार नाही. पोरगा अधूनमधून अजून फुरंगटतो. तेरा आणि सोळा यांच्यात तीन वर्षं असतात, आणि ती कोणाची लवकर सरत नाहीत. पण घरात एक कागद झाला. सोळापर्यंत हँडल नाही. सोळाव्या वाढदिवशी रीतसर वर्ग, खर्च बाबांचा. तोवर क्लबच्या कामात दर वेळी हजर. साइड-बाय-साइडमध्ये पट्टा लावून, शिरस्त्राण घालून, दोन्ही पाय फळीवर टेकत असतील तर शेजारी बसायला परवानगी. खाली तिघांच्या सह्या. आणि कागदात नव्हतं तेही घडलं. आता शनिवारी लेक घरात बसून घड्याळ बघत नाही. क्लबची औषधपेटी तिने आपल्याकडे घेतली आहे आणि मंडळींना प्रथमोपचार शिकवायला लागली आहे.

आता घरोघरी उपयोगी पडतील अशा चार गोष्टी. किनाऱ्यावर, लोणावळ्याकडे, हिलस्टेशनवर आता आपल्याकडेही या गाड्या सर्रास दिसतात, तेव्हा कात्रण काढून ठेवायला हरकत नाही.

१. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोठ्यांच्या गाडीवर सूचना चिकटवलेली असते : सोळा वर्षांखालील मुलांनी चालवू नये, एकट्याच्या गाडीवर दुसऱ्यास बसवू नये, डांबरी रस्त्यावर नेऊ नये, शिरस्त्राणाशिवाय बसू नये. आपल्याकडे ती सूचना चिकटवलेली असो वा नसो, गाडी तीच आहे आणि मुलाची हाडंही तीच.

२. भाड्याने घेताना आधी शिरस्त्राण मागावे. नाही म्हणाले तर आपणही नाही म्हणावे. ब्रेक दाबून पाहावा. मुलाला शेजारी बसवायचे तर पट्टा असलेली जोडगाडीच घ्यावी आणि त्याचे पाय तळाला टेकतात का ते पाहावे.

३. ओढणी, पदर, लांब वेणी, सैल पायजमा काही लोंबते ठेवू नये. घोट्याच्या वर येणारे बूट आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. चपलेवर बसू नये.

४. डोंगरात जाणाऱ्याने कधीही एकटे जाऊ नये. कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार, हे घरी लिहून ठेवावे.

५. डब्याचे म्हणाल तर माझी फजिती झाली. पहिल्या शनिवारी बेसनाचे लाडू दिले. धक्क्यांनी त्यांची पुन्हा बेसनाची भुकटी होऊन आली. दुधात भिजवलेली दशमी, गूळपापडीच्या वड्या, शेंगदाण्याची चिक्की आणि भरपूर पाणी द्यावे.

६. चिखलाचे कपडे ओलेच चोळू नयेत, डाग पसरतो. दोरीवर कडकडीत वाळू द्यावेत, बाहेर झटकावेत, मग साबणाच्या थंड पाण्यात रात्रभर भिजवून धुवावेत.

आता ठाण्याच्या भगिनीस. बाई, तुम्ही भित्र्या नाही. नऊ वर्षांच्या मुलाला त्या गाडीचं हँडल न देणं यात लाजायचं काही नाही, दीर काही म्हणोत. पुढ्यात बसवून मारलेली ती पहिली चक्करही नको होती, हे यजमानांना शांतपणे सांगा. हवं तर हे पान त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवा. पण एक गोष्ट तुमच्याकडूनही राहिली. तुम्ही मुलाच्या हातून गाडी काढून घेतलीत आणि हात रिकामे ठेवलेत. रिकाम्या हातांना राग लवकर येतो. त्याला जवळ घेऊन ‘का नाही’ ते सांगा, त्याच्या वयाला पेलेल इतकंच. आणि ‘नाही’ म्हणताना हातात काहीतरी द्या. आमच्याकडे फावडं चाललं. तुमच्याकडे सायकल चालेल, पोहण्याचा वर्ग चालेल, गड चढायला नेणारं एखादं मंडळ चालेल.

मुलाने काय उत्तर दिलं, ते मात्र मला जरूर कळवा.